माहेरचा वाडा पाडणारेत, वाइड लेन्स कुठली घेऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई बडोद्याच्याच, शाळेत शिकवतात, नाव अर्थातच देत नाही. माहेर दांडिया बाजारच्या बाजूला, जुना लाकडी वाडा, मधे चौक, वर दोन मजले. भावांनी वाडा बिल्डरला द्यायचं ठरवलंय, दिवाळी झाली की पाडायला घेणार, आई आत्ताच फ्लॅटवर राहायला गेल्यात, म्हणजे यंदाचा गणपती वाड्यातला शेवटचा. ताईंकडे कॅनन २०० डी मार्क टू आहे आणि त्याच्या बॉक्समधे आलेली १८-५५ लेन्स (हे आकडे मिलिमीटर म्हणजे एमएमचे, जेवढा लहान तेवढं जास्त मावतं). त्यांना पाडायच्या आधी "अख्खा वाडा फोटोत घ्यायचाय" आणि १८ मधे काही मावत नाही असं त्यांचं म्हणणं. भाचा म्हणतो टोकिना ११-१६ एफ २.८ घे (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा जास्त उजेड आत), आत अंधार आहे, दुसरी चालणारच नाही. ओळखीचे लग्नाचे फोटोग्राफर म्हणतात कॅननची १०-१८ घ्या आणि मोकळ्या व्हा. नवरा म्हणतो फोनमधे ०.५ ची वाइड आहे की. दिरांनी मधेच फुल फ्रेमचं, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचं, पिल्लू सोडून दिलंय. माजघर ११ बाय १६ फूट आणि देवघर ६ बाय ७ हे त्यांनी टेप लावून मोजून लिहिलंय (असं पत्र वर्षात एखादंच येतं, फार बरं वाटलं). शेवटी विचारतात, एका घरासाठी एवढा खर्च करणं वेडेपणा आहे का.

ताई,

वेडेपणा नाहीये. पण खर्च किती करायचा आणि करायचाच का, हे तुमच्या त्या टेपनेच ठरवू या, कारण तुम्ही मापं लिहिलीत म्हणून हा प्रश्न हवेत राहिला नाही.

एक सोपा हिशोब लक्षात ठेवा, तुमच्यासारखा क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरचा कॅनन असणाऱ्या सगळ्यांनीच ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा. त्यामुळे कॅमेरा आडवा धरला आणि भिंतीपासून जितके फूट लांब उभं राहिलं, त्याच्या साधारण सव्वापट रुंदीची भिंत १८ एमएमला दिसते, ११ ला दुप्पट आणि १० ला सव्वादोनपट. बास, एवढंच गणित.

आता माजघर घ्या. ११ फुटाच्या बाजूची भिंत काढायचीये तर तुम्ही १६ फूट लांब जाऊ शकता, पाठ टेकवून उभं राहिलं तरी १५ फूट मिळतात, तिथून तुमच्या आत्ताच्या १८ ला साडेअठरा फूट रुंदी दिसते. म्हणजे भिंत मावते आणि वर दोन्ही बाजूंची फडताळं पण येतात. देवघरात सहा फुटांवरून सात-साडेसात फूट दिसतं, म्हणजे तिथली सहा फुटी भिंतही मावते. देवघराची सात फुटी भिंत थोडक्यात हुकते, पण खरं अडतं ते १६ फुटी भिंतीला, कारण तिथे मागे सरकायला दहाच फूट आहेत आणि दहा फुटांवरून १८ ला बाराच फूट दिसणार. पण त्यासाठी सुद्धा १३ एमएम पुरते हो! १० आणि ११ मधे भाचा आणि फोटोग्राफर भांडतायत ना, तर दहा फुटांवर त्या दोघांत फरक आहे दोन फुटांचा, २२ फूट आणि २० फूट, आणि तुमची भिंत आहे १६ ची. या मुद्द्यावर घरात कोणी आवाज चढवू नये.

मग १८ मधे काही मावत नाही असं तुम्हाला का वाटतं? माझा अंदाज सांगतो, चुकला असेल तर माफ करा. तुम्ही खोलीच्या दारात उभं राहून तीन भिंती, जमीन आणि वरचा कडीपाट असं सगळं एका फोटोत आणायला बघताय. ते वाइडमधे येतं, खरंच येतं, पण येताना काय होतं ते विकत घ्यायच्या आधी ऐकून घ्या.

वाइड लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं पार छोटं करून टाकते, आणि आपल्याला सहसा हवं असतं ते लांब असतं. लक्ष्मी विलासच्या लॉनवर उभं राहून १० एमएमने राजवाडा काढून बघा, एवढा थोरला राजवाडा काडेपेटीएवढा होतो आणि तीन चतुर्थांश फोटो गवत नि आकाश. माजघराचं पण तसंच होणार, पुढची मोकळी फरशी मैदानाएवढी आणि तुमच्या आजीचा कोनाडा नखाएवढा. फ्लॅट विकणाऱ्यांचे फोटो बघितलेत ना, दहा बाय दहाची बेडरूम क्रिकेटचं ग्राउंड वाटते, ते हेच. तुम्हाला वाडा विकायचा नाहीये, तो तसाही गेलाय.

वाइडची मजा पुढे काहीतरी जवळ ठेवण्यात आहे. दिंडी दरवाज्याचा झिजलेला उंबरठा, त्याच्यापासून सव्वा-दीड फुटावर कॅमेरा खाली ठेवा, मागे अख्खा चौक येऊ द्या. झोपाळ्याची पितळी कडी अगदी नाकासमोर आणि मागे ओसरी. जिन्याच्या कठड्याला लागून खाली बघत. असे फोटो १८ ने होत नाहीत, त्यासाठी वाइड पाहिजेच, आणि माझ्या मते तरी पैसे खर्च करायचं खरं कारण हे आहे. अजून एक, चौकात सतरंजी टाकून सरळ उताणं झोपायचं आणि कॅमेरा आकाशाकडे, चारी बाजूंचे सज्जे आत येतात आणि मधे चौकोनी आभाळ. सकाळी ऊन चौकात उतरायच्या आधी करा, नाहीतर आभाळ पांढरं फटक पडतं. घरचे हसतील, हसू द्या.

आता अंधाराचं, कारण भाच्याचा सगळा जोर त्यावर आहे. टोकिनाच्या एफ २.८ मधून कॅनन १०-१८ च्या एफ ४.५ च्या साधारण अडीचपट उजेड येतो हे खरंय, त्याचं चुकत नाहीये, पण तो उजेड कशासाठी हे त्याने विचारलेलं नाही. जे हलतं त्यासाठी! गरब्यातल्या बायका, आरतीत टाळ वाजवणारी पोरं, यांना शटर फास्ट पाहिजे, तिथे मोठं अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) कामाला येतं. तुमचे खांब दीडशे वर्षं हलले नाहीत ते फोटोपुरते पण हलणार नाहीत. हलतात ते आपले हात, आणि हातांसाठी कॅननच्या १०-१८ मधे स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) आहे, कंपनी चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट) फायदा सांगते, सगळा मिळाला नाही तरी निम्मा मिळाला की २.८ चा सव्वा-दीड स्टॉपचा फायदा मागे पडला. टोकिनात स्टॅबिलायझर नाहीच.

आणि मुळात अशा खोल्यांत तुम्ही २.८ वर फोटो काढणारच नाही. उंबरठा पण नीट दिसायला हवा आणि मागचा चौक पण, म्हणजे एफ ८ वर जाणं आलं. १० एमएम, एफ ८, फोकस साधारण सव्वादोन फुटांवर ठेवला की सव्वा फुटापासून पार लांबपर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं. एफ ८ वर टोकिना पण एफ ८ आणि कॅनन पण एफ ८, मग २.८ साठी मोजलेले पैसे नुसते पिशवीत पडून राहिले. मग उजेडाचं काय, तर ट्रायपॉड. साधा चालेल, भाड्याचा चालेल, उसना चालेल. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) सगळ्यात कमी म्हणजे १००, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद, फोटो रॉ मधे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), आणि शटर दोन सेकंद उघडं राहिलं काय नि पाच सेकंद राहिलं काय, वाडा कुठे जातोय. (दिवाळीपर्यंत तरी.)

चौकाकडची दारं-खिडक्या फोटोत जळाल्यासारख्या पांढऱ्याफटक दिसतील, कारण बाहेर लख्ख ऊन आणि आत गुहा. त्यासाठी कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग असतं, दोन स्टॉप कमी, बरोबर, दोन स्टॉप जास्त असे तीन काढून ठेवा, जोडायचं का ते नंतर बघता येतं. आणि कॅमेरा सपाट धरा हो. वाइड लेन्स जरा वर केली की खांब आत कलतात, वाडा आताच पडायला आलाय असं दिसतं. स्क्रीनवर ग्रिड लावून घ्या आणि उंची हवी असेल तर वर बघण्यापेक्षा स्टुलावर चढा.

एक माझी फजिती सांगतो, तुमच्या गणपतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिली वाइड घेतली तेव्हा मी इतका चेकाळलो होतो की मामेबहिणीच्या लग्नात सगळे ग्रुप फोटो त्यानेच काढले, तीस माणसं एका ओळीत, वा वा. प्रिंट आल्या तर दोन्ही कडेच्या माणसांची डोकी दुधी भोपळ्यासारखी ताणलेली, आत्या कडेला होती, तिने तो फोटो अजून भिंतीवर लावलेला नाही आणि माझ्याशी त्या विषयावर अजून बोलत नाही. लेन्स बिघडलेली नव्हती, सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही वाइड कडेला असंच ताणते. तेव्हा आरतीला सगळे जमले की माणसं मधल्या भागात घ्या, कडेला खांब, तुळई, समई काहीही चालेल, मावशी नको. खरं तर आरतीला तुमची १८-५५ च बरी, किंवा कोणाकडे कॅननची ५० एफ १.८ असेल तर मागून घ्या, अंधारात चेहऱ्यांना ती छान.

अजून एक सुचवतो, ते लेन्सचं नाहीये. आपल्या बडोद्याचे चित्रकार-फोटोग्राफर ज्योती भट्ट, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सचे, त्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटापासून गावोगाव फिरून गुजरात-राजस्थानच्या घरांच्या भिंतींवरची चित्रं आणि अंगणातले मांडणे (जमिनीवर काढलेली चित्रं) फोटोत धरून ठेवले. त्यातले बरेच फोटो असे आहेत की भिंत तर आहेच पण ती रंगवणारी बाई पण तिथेच उभी आहे, पोरं आहेत, बकरी आहे. नुसती भिंत असती तर आपण अर्धा मिनिट बघितलं असतं. तुमच्या पत्रात खोल्या सगळ्या आल्या, खिडक्यांची संख्या सुद्धा आली, पण आई फक्त "फ्लॅटवर गेली" एवढ्याच आल्या. एक दिवस त्यांना वाड्यात आणा. चुलीच्या जागी बसवा, त्या बसतील तिथे कॅमेरा लावा, आणि हो, तेव्हा फोनवर व्हिडिओ सुरू ठेवून त्यांना खोल्यांतून हिंडू द्या, इथे काय होतं तिथे कोण झोपायचं हे त्या आपोआप बोलतील. नवरोबांचा फोन इथे कामाला आला बघा.

फोनवरून आठवलं, त्यांना अगदी उडवून लावू नका. ०.५ ची लेन्स बऱ्याच फोनमधे तुमच्या १० एमएमच्या आसपास किंवा त्याहूनही वाइड दिसते. अंधारात तिचे फोटो चिखल होतात आणि कडा पुसट येतात, मोठ्या प्रिंटला नाही चालणार, पण काहीही विकत न घेता आज संध्याकाळी वाड्यात जाऊन ०.५ ने प्रत्येक खोलीत फिरा आणि कुठून उभं राहिलं तर फोटो होतो ते बघून खडूने फुल्या मारून या. वीस फुल्या मारताना जर सात-आठ ठिकाणीच वाटलं की इथे वाइडच पाहिजे, तर लेन्स विकत घ्यायची गरजच नाही.

कारण भाड्याने मिळते. आणि आत्ता चातुर्मास चालू आहे, लग्नं नाहीत, फोटोग्राफर लोकांच्या लेन्स कपाटात पडून आहेत, तुमच्या त्या ओळखीच्यांनाच विचारा, दोन दिवसांसाठी खुशीत देतील. नवरात्र लागलं की गरब्याच्या कामांना सगळं बाहेर जातं, आणि कार्तिकी एकादशीनंतर तर विचारूच नका. तेव्हा एक शनिवार-रविवार गणपतीच्या आधी रिकाम्या घराचा आणि एक पितृपक्षात ठेवा, पहिल्यात जे चुकेल ते दुसऱ्यात सुधारता येईल. चुकतंच, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच चुकतं.

भाड्याने कुठली, तर कॅनन १०-१८. ठाम सांगतो. २४० ग्रॅमची आहे, दिवसभर स्टुलावर चढ-उतर करताना हात दुखत नाही, टोकिना साडेपाचशेच्या घरात. १८ पर्यंत जाते म्हणजे तुमच्या १८-५५ ला बरोबर जोडून येते, टोकिना १६ ला संपते. उघड्या खिडकीसमोर टोकिनात उजेडाचे डाग आणि कडांना जांभळी किनार जास्त येते आणि तुमच्या वाड्यात खिडक्याच खिडक्या आहेत. १०-१८ चं तोंड प्लॅस्टिकचं आहे, जिथे ती कॅमेऱ्याला लागते तो माउंट पण प्लॅस्टिक, हातात घेतल्यावर खेळण्यासारखी वाटते, भाचा नाक मुरडेल. मुरडू दे. टोकिना वाईट अजिबात नाही, रात्री पावागडच्या पायथ्याशी जाऊन तारे काढायचेत किंवा गरब्याच्या गोलात शिरून काढायचंय असं कोणी मला लिहिलं असतं तर मी तिचंच नाव घेतलं असतं.

भाड्यानंतरही घ्यावीशी वाटली तर सेकंड हँड घ्या, २०१४ पासून बाजारात आहे, वापरलेल्या भरपूर फिरतात. घेताना फोनचा टॉर्च मागून मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, आणि ती असली तर कितीही स्वस्त असो हात जोडून परत द्या. विटांच्या भिंतीचा किंवा भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा समोरून एक फोटो काढून चारही कोपरे सारखेच शार्प आहेत का बघा, एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, कॅमेऱ्याच्या चामडी बॅगेत ठेवून कपाटात कोंबू नका. उद्या कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतलात तरी अॅडॉप्टर लावून हीच चालते, म्हणजे पैसे पाण्यात नाहीत.

दिरांचं फुल फ्रेम प्रकरण एका वाक्यात संपवतो. तुमची १०-१८ म्हणजे फुल फ्रेमवरची १६-२९, तीच खोली तेवढीच दिसणार, फक्त खिसा जास्त हलका होणार.

बाकीच्या वाचकांसाठी, निकॉनचे क्रॉप कॅमेरेवाले असाल तर अशीच हलकी, स्टॅबिलायझरवाली १०-२० एफ ४.५-५.६ ची एएफ-पी नावाची लेन्स आहे, पण जुन्या निकॉन बॉडीवर तिचा फोकस चालत नाही, आधी आपल्या मॉडेलला चालते का ते बघूनच पैसे द्या. सोनी किंवा फुजीवाल्यांना सिग्माची १०-१८ एफ २.८ मिळते, छोटीशी आहे, तिथे २.८ का ४.५ हे भांडणच राहत नाही, किंमत मात्र त्या मानाने. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी किट लेन्सनेच (कॅमेऱ्याच्या बॉक्समधे येते ती) कॅमेरा उभा धरून पाच-सहा फोटो एकमेकांवर तिसरा हिस्सा चढवत काढायचे आणि हगिन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे जोडायचे. सपाट भिंतीला झकास येतं, पण जवळ खांब असेल तर तो जोडताना तुटतो, त्यामुळे फिरताना स्वतःभोवती न फिरता लेन्सभोवती फिरायचं, जमायला दोन-तीनदा करावं लागतं. ताई, तुमची ती १६ फुटी भिंत याने फुकटात होऊ शकते, करून बघा.

सरावाला कुठे जायचं असेल तर रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहेच, लाकडी वाडा, छोट्या खोल्या, भिंतभर जुनी चित्रं, कृष्ण आहे, महाभारत आहे, लढाया आहेत. तुमच्याच घराचा थोरला भाऊ समजा. पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, हातातच धरून काढा, स्टॅबिलायझर काय चीज आहे ते तिथे दहा मिनिटांत कळेल.

आणि घरी गेल्यावर आधी भावांना एक विचारा, वाड्याचा विजेचा मीटर कधी काढणारेत. बिल्डरला ताबा द्यायच्या बरेच दिवस आधीच लोक मीटर बंद करून टाकतात, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की त्या माजघरात बल्बशिवाय दुपारी दोनला पण काही दिसत नसणार. तो पिवळा बल्ब आहे ना अजून, तो बदलू नका, तसाच राहू द्या.